देवळाच्या पायरीवरचं चिखलाचं पाऊल

मित्रांनो, मी एक जुनी पायरी आहे. जुनी म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. जुनी म्हणजे झिजलेली, आणि झिजलेली म्हणजे कामाला आलेली. नव्या कोऱ्या फरशीला विचारा बघू, तुझ्यावर कोण रडलं, कोण थांबलं, कोण माघारी गेलं. ती काय सांगणार? तिच्या अंगाला अजून सिमेंटचा वास येतो.

कोल्हापूरहून येताना कागलच्या अलीकडं हायवे सोडून दोन मैल आत आलं की आमचं गाव लागतं. गावाच्या कडेला ओढा आहे आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला ख्रिस्ती मंडळीचं कौलारू देऊळ. शिकलेली माणसं त्याला चर्च म्हणतात. आमच्याकडची म्हातारी माणसं देऊळच म्हणत आलीत, मीही तेच म्हणणार. त्या देवळाला एकच दार, आणि त्या दाराला एकच पायरी. ती मी. देवासमोर जायचं तर माझ्यावर पाय ठेवूनच जायला लागतं. याचा मला फार गर्व होता. होता असं म्हणते, कारण तो कसा उतरला तेच तुम्हाला सांगायचं आहे. सगळा काही उतरला नाही, थोडा राखून ठेवलाय. अगदीच मान खाली घातली तर लोक धुणं आपटायला दगड म्हणून नेतात.

मी काळवत्री दगडाची. बाळासो नावाच्या पाथरवटानं मला खाणीतून काढली आणि वीस दिवस माझ्यावर टाकी चालवली. घाव सोसले, पण एक टवका उडू दिला नाही. बाळासो बिडी विझवून मला हातानं चाचपायचा आणि म्हणायचा, "बया, तुझं मन कठीण हाय, पण अंग चांगलं हाय." तेव्हा मला ते कौतुक वाटलं. मन कठीण असणं हे कौतुक नसतं हे समजायला मला तीस वर्षं लागली.

बैलगाडीतून मला आणली, चुन्यात बसवली, आणि त्या वेळच्या पाळकांनी, म्हणजे पाद्रीबाबांनी, माझ्याशेजारी उभं राहून मंडळीला एक गोष्ट सांगितली. मोशे नावाचा एक माणूस सासऱ्याची मेंढरं राखत होता. त्यानं रानात एक झुडूप पेटलेलं पाहिलं. जाळ होता, पण पान करपत नव्हतं. नवल वाटून तो जवळ जायला लागला, तर झुडपातून हाक आली, की पायातल्या वहाणा काढ, तू उभा आहेस ती जागा पवित्र आहे. मोशेनं वहाणा काढल्या आणि तोंड झाकून घेतलं. देवाकडं बघायचं त्याला धाडस झालं नाही.

"तवा आजपास्नं," पाळक म्हणाले, "वहाणा पायरीच्या खाली."

अशी आमची रीत पडली. माझ्या डाव्या हाताला दगडाची एक डोण ठेवली. शनिवारी ती विहिरीच्या पाण्यानं भरायची आणि रविवारी प्रत्येकानं तिच्यातलं तांब्याभर पाणी पायावर घेऊन माझ्यावर चढायचं. आणखी एक रीत होती. उपासनेच्या सुरुवातीला एक गीत असायचं. देवाला तीन वेळा 'पवित्र' म्हणणारं. ते सुरू झालं की मंडळीचे पंच दार लावून घ्यायचे. मग ना कुणी आत, ना कुणी बाहेर.

मी माणसाचं तोंड आधी बघत नाही, पाय बघते. आणि सांगते, तोंडापेक्षा पाय खरे असतात. टाचेच्या भेगांवरून मी सांगेन कोण भांगलणीला जातं आणि कोण नुसतं सांगतं. नवी नवरी माझ्यावर अंगठा टेकवून पाय टाकते, पैलवान गडी दोन पायऱ्या समजून उडी मारतो आणि पडतो. पण एक गोष्ट सगळ्यांची सारखी. माझ्यावर पाय पडला की बोलणं थांबायचं. वरून कुणी गप्प बसवत नव्हतं. धुतलेल्या ओल्या पायाला माझा गारवा लागला की माणसाला आपोआप कळायचं, आपण कुणाच्या दारात आहोत.

त्या पायांमध्ये माझे लाडके पाय बायडाबाईचे. रुंद, काळे, डाव्या करंगळीत जोडवं. बायडाबाई ही मंडळीतली सगळ्यांत जुनी बाई. ती दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन डोणीशेजारी बसायची आणि एकेकाचे पाय तपासायची.

"घोटा ऱ्हायलाय की कोरडा. घोटा काय पाटलाच्या वाड्यावर ठेवून आलास?"

"आजी, थंडी हाय."

"देवाला सांग आत जाऊन, थंडी हाय म्हणून घोटा घरी ठेवलाय."

सगळे हसायचे आणि सगळे घोटा धुवायचे. तिच्या जिभेला धार होती, आणि मला धार आवडायची. मी टाकीखाली घडलेली, मला गुळमुळीत बोलणं कसं आवडेल? आम्ही दोघी एका खाणीतल्या होतो म्हणा ना. ती म्हणायची, "माझ्या दगडाला चिखुल लागू देणार न्हाई," आणि मला वाटायचं, बघा, देवाच्या दाराची काळजी कशी घ्यावी ते हिच्याकडून शिकावं.

आता त्या दिवसाचं सांगते.

एकोणीसशे चौऱ्याण्णव साल. श्रावणातला रविवार, आणि प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायचा. तीन महिन्यांतून एकदा असा रविवार यायचा, म्हणून मंडळी झाडून हजर. आठवडाभर पाऊस पडून त्या सकाळी उघडला होता, पण वाटेवर घोट्याएवढा चिखल. दीडशे माणसांनी पाय धुतले आणि डोण तळाला गेली. गीत सुरू व्हायला दोन मिनिटं असतील. तेवढ्यात ओढ्याकडून एक बाई धावत आली. पोटऱ्यांपर्यंत चिखलानं भरलेली. ती चिमणाबाई, बायडाबाईची सून.

तिची तीन वर्षांची मुलगी पूर्णिमा नऊ दिवस कोल्हापुरात दवाखान्यात होती. ताप डोक्यात गेला होता. नवऱ्याला, म्हणजे आकारामला, मुलीजवळ बसवून चिमणाबाई पहिल्या एसटीनं आली आणि फाट्यापासून दोन मैल चिखल तुडवत देवळापर्यंत पोचली. आमच्याकडं ज्याचं दुखणं त्यानं, लेकराचं असेल तर आईनं, स्वतः मंडळीत उभं राहून नाव सांगायचं, मग सगळी मंडळी त्या नावासाठी प्रार्थना करते. चिमणाबाईला आपल्या पोरीचं नाव सांगायचं होतं. त्यासाठी ती आली होती, दुसऱ्या कशासाठी नाही.

तिनं पाऊल उचललं आणि बायडाबाई बोलली.

"पाय धुऊन ये."

"डोणीत पाणी न्हाय, आत्याबाई."

"मग ओढ्याला जा."

"आत्याबाई, आता दार लावतील. पोरीचं नाव सांगायचं हाय मला."

"माझी बी नात हाय ती. म्हणून देवाच्या घरात चिखुल घालू काय? सून माझी म्हणून सूट दिली तर उद्या गाव इचारंल मला." मग दारात वळून बघणाऱ्या चार बायकांकडं बघून म्हणाली, "म्हायारी पाय धुवायची रीत नसंल. हितं हाय."

हे शेवटचं बोलायची गरज नव्हती. पण धार लावलेली वस्तू हातात असली की माणूस कापायला काहीतरी शोधतोच.

आणि मी? मित्रांनो, मी मनात म्हटलं, बरं केलंस बायडाबाई. मला माझ्या काळ्याभोर अंगावर तो चिखल नको होता. खोटं कशाला सांगू.

चिमणाबाई ओढ्याकडं पळाली. गीत सुरू झालं. गणपतराव पंचांनी बाहेर एकदा बघितलं, बायडाबाईकडं बघितलं. बायडाबाई आत गेली, आणि दार लागलं.

चिमणाबाई पाय धुऊन परत आली. पण ओढा आणि देऊळ यांच्यामध्ये तीच चिखलाची वाट. धुतलेले पाय येईतो पुन्हा तसेच झाले. मी ते पाहिलं आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या दगडी डोक्यात काहीतरी टोचलं. या वाटेनं येणारं कुणीही स्वच्छ पायानं माझ्यापर्यंत पोचूच शकत नव्हतं. डोणीत पाणी होतं म्हणून दीडशे माणसं स्वच्छ दिसत होती, एवढंच.

ती लावलेल्या दारासमोर उभी राहिली. तिचा उजवा पाय माझ्यावर टेकला. क्षणभरानं तो खाली गेला. मग ती वळली आणि फाट्याकडं चालू लागली, कारण पोरीजवळ परत जायचं होतं. माझ्यावर तिचं एक पाऊल राहिलं, टाचेपासून पाच बोटांपर्यंत स्पष्ट.

आत पाळकांनी विचारलं, "आणखी कुणाचं दुखणं?" कुणी बोललं नाही. बायडाबाईही बोलली नाही. आईनं नाव सांगायची रीत, आई येईल आता, असं तिला वाटलं असेल. प्रार्थना झाली. त्यात पूर्णिमाचं नाव नव्हतं.

मग पाळक वाचायला उठले. यशया नावाच्या संदेष्ट्याला एकदा मंदिरात देव दिसला, ती हकीकत होती. उंच सिंहासन, आणि देवाच्या वस्त्राच्या घोळानंच सगळं मंदिर भरलेलं. सहा पंखांचे सेवक, पण त्यांनाही त्याच्याकडं बघवत नव्हतं. दोन पंखांनी तोंड झाकलेलं, दोन पंखांनी पाय झाकलेले. ते एकमेकांना हाक देऊन 'पवित्र, पवित्र, पवित्र' म्हणत होते, आणि त्या आवाजानं दाराचे उंबरे मुळापासून हलले आणि मंदिर धुरानं भरलं.

दार लागलेलं असलं तरी मला ऐकू येत होतं. उंबरे हलले. म्हणजे माझ्या जातीचे दगड. देवासमोर पहिल्यांदा थरथरले ते दारातले दगड, आणि मी इथं माझ्यावर कोण चढतंय याचा तोरा मिरवत होते. देवाचे सेवक स्वतःचे पाय झाकत होते, आणि मी दुसऱ्यांचे तपासत होते.

पाळक पुढं वाचत होते. यशया भिऊन म्हणाला, मी मेलो, माझे ओठ अशुद्ध आहेत आणि मी देवाला पाहिलं. तेव्हा एका सेवकानं वेदीवरचा धगधगीत इंगळ चिमट्यानं उचलून त्याच्या ओठांना लावला आणि सांगितलं, तुझा दोष गेला.

देवळात इतकं शांत झालं की कौलावरून ठिबकणारं पाणी मोजता आलं असतं. तुम्ही कधी असं शांत झालेलं घर ऐकलंय का? तिथं माणसं असतात, पण माणसांपेक्षा मोठं कुणीतरी असतं. त्यात कुणी खोकत नाही. लेकरं आईच्या पदराआड होतात, आणि ती रडत का नाहीत ते आईलाही कळत नाही. तो दिवस तसा होता.

आणि त्या शांततेत दार उघडलं. जे कधीच उघडत नसे ते दार बायडाबाईनं आतून उघडलं. पदर तोंडात धरलेला. तिनं बाहेर बघितलं, ओढ्याकडं, वाटेकडं. मग खाली, माझ्याकडं बघितलं. ते पाऊल वाळायला लागलं होतं. बायडाबाई त्या पावलावर पाय पडू नये म्हणून माझ्या अगदी कडेवरून उतरली आणि डोणीशेजारी बसून राहिली. त्यानंतर नऊ वर्षं तिचं पाऊल माझ्यावर पडलं नाही.

पूर्णिमा वाचली. पण तापानं तिचे दोन्ही कान नेले. इथं मला एक गोष्ट खणखणीत सांगू द्या. गावात काही तोंडं म्हणाली की मंडळीत नाव घेतलं नाही म्हणून असं झालं. ती तोंडं मूर्ख. देव कुणाच्या आजीचा राग पोरीच्या कानावर काढत नाही. ताप तापाचं काम करतो. पण बायडाबाईला हे कोण सांगणार? तिला वाटायचं, आपण गप्प बसलो ते गप्पपणच पोरीच्या वाट्याला आलं.

आकाराम आणि चिमणाबाईनं पोरीच्या शाळेसाठी कोल्हापुरात मंगळवार पेठेत खोली घेतली. बहिऱ्या मुलांची शाळा तिकडं होती. आकाराम गुळव्या होता, गुऱ्हाळावर रस आटवून गूळ पाडणारा. हंगामात तो गावाकडं यायचा, अधूनमधून पोरीलाही आज्जीकडं आणायचा. चिमणाबाई मात्र आली नाही.

आणि बायडाबाई? ती दर रविवारी यायची. शनिवारी संध्याकाळी एकटी घागरीनं पाणी आणून डोण काठोकाठ भरायची. नऊ वर्षांत डोण एकदाही रिकामी पडली नाही. रविवारी लोकांच्या वहाणा ओळीनं लावायची, लेकरांच्या पायावर स्वतः पाणी घालायची. लोक म्हणायचे, म्हातारी किती सेवा करते बघा. गीत सुरू झालं, दार लागलं, की ती बाहेरच. सगळ्यांना वाटायचं ती वहाणा राखते. मला एकटीला माहीत होतं की ती आत जायला भीत होती.

एकदा गुऱ्हाळाच्या हंगामात आकाराम तिला आत न्यायला आला. त्याच्या पायाला उसाचा चिकटा होता, धुतल्यावरही गोड वास यायचा.

"आई, आज प्रभुभोजन हाय. आत जा की."

"वहाणा कोण बघंल?"

"वहाणांस्नी काय पाय हायत? त्या आपनहून कुठं जात न्हाईत. खरं सांग."

बायडाबाईनं डोणीतलं एक पान उचलून टाकलं. मग म्हणाली, "भ्या वाटतंय रं. तितं आत कोन बसलंय ते मला त्या दिशी कळलं. ह्या तोंडानं जाऊ?"

आकारामनं खाली बसून वहाणांची एक जोडी उगीच सरळ केली. "चुलवणाजवळ नवा माणूस उभा ऱ्हात न्हाई, आई. जाळ बघून भितोय. पर कायलीतला रस कसा, लाख गाळून घे, मळी त्येच्या पोटातच असती. वर यायला जाळच लागतोय. थंड रसाची मळी कुणी काढलीया?"

"तू गुळव्या हायस. पाळक हुं नगंस."

"बरं. मग गुळव्या म्हणूनच सांगतो. यशयाला ओठ धुवायला कुणी ओढ्याला धाडलं न्हवतं. इंगळच त्येच्याकडं आला."

बायडाबाईनं मान फिरवली. "आन् चिमणी?"

"तिला तू सांग."

"मी सासू हाय तिची."

"ठावं हाय," आकाराम म्हणाला आणि माझ्यावर पाय ठेवून आत गेला.

बघा, मित्रांनो. भीती देवाची होती आणि अडथळा सासूपणाचा. देवासमोर कापणारी माणसं सुनेसमोर कापत नाहीत, आणि म्हणून तिथंच अडकून बसतात.

वर्षं गेली. मंडळीत बाकं आली, मग कॅसिओ आला, मग माझ्या उजव्या खांद्याला टेकवून एक काळा स्पीकर ठेवला. तो ठेवताना माझा कोपरा उडाला. बाळासोनं वीस दिवसांत उडू दिला नव्हता तो टवका. कुणी हळहळलं नाही. तरुण पोरं बूट घालूनच आत जायला लागली. "बाकावर बसायचं तर पाय कशाला धुवायचे?" असं म्हणायची. बायडाबाई आता सत्तरी ओलांडलेली, तिचं कोण ऐकतं? तीही पूर्वीसारखी टोकत नव्हती. डोण भरलेली असायची आणि पाणी तसंच राहायचं. त्यात चिमण्या आंघोळ करायच्या. माझ्यावरून बुटांचे खिळे आणि क्रिकेटचं बोलणं एकदमच आत जायचं. मी कुणाच्याही पायाला लागत नव्हते. पायरीला याहून मोठं दुःख नाही.

दोन हजार तीन सालच्या जुलैमध्ये, एका प्रभुभोजनाच्या रविवारी, पूर्णिमा आली. बारा वर्षांची. पेरणीला हात कमी पडले म्हणून आकाराम या वेळी पोरीबरोबर बायकोलाही गावाकडं घेऊन आला होता. पोर सकाळी कुणाला न सांगता आज्जीकडं देवळात पळत आली. आल्या आल्या तिनं चपला काढल्या, आज्जीसमोर पाय पुढं केले. बायडाबाईनं तांब्यानं पाणी घातलं. दोघी हातवाऱ्यांनी बोलायच्या, पूर्णिमाला थोडं जाडसर बोलताही यायचं.

त्या दिवशी लोडशेडिंग होतं. स्पीकर मुका, कॅसिओ मुका. आत पाळकांनी सांगितलं की उभं राहून नुसत्या गळ्यानं म्हणा. दीडशे माणसं एकदम उठली आणि ते तीनदा 'पवित्र' म्हणणारं गीत सुरू झालं. पूर्णिमा माझ्यावर उभी होती, ओल्या अनवाणी पायांनी.

ती दचकली. तिनं खाली बघितलं. मग एक पाय उचलला, परत ठेवला. आणि ओणवी होऊन दोन्ही तळवे माझ्यावर टेकवले.

"आज्जी," ती तिच्या जाड आवाजात म्हणाली, "दगड हलतोय."

मित्रांनो, मी हलत होते. माणसं पोट भरून गातात तेव्हा चौकट थरथरते, जोत्याला कंप येतो, आणि तो माझ्यातून जातो. दर रविवारी जात होता. बूट घातलेल्या पायाला तो कळत नव्हता. जिला गाणं कधीच ऐकू येणार नव्हतं, ती पायाच्या तळव्यांनी ते ऐकत होती.

तिनं आज्जीचा हात धरून खाली ओढला. बायडाबाईचा सुरकुतलेला तळवा नऊ वर्षांनी माझ्यावर टेकला. मला वाटलं ती लगेच उचलेल. तिनं उचलला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी माझ्यावर पडलं, कोमट.

तेवढ्यात ओढ्याच्या वाटेवरून हाक आली. चिमणाबाई पोरीला शोधत पळत येत होती. पोटऱ्यांपर्यंत चिखल, नऊ वर्षांपूर्वीसारखाच. सासूला बघून ती माझ्यापासून चार हातांवर थांबली.

आत गणपतराव पंच दार लावायला आले. म्हातारे झाले होते, पण रीत तीच. त्यांचा हात कडीवर होता.

"गणपतराव," बायडाबाई म्हणाली, "दार ऱ्हाऊ दे."

"गीत सुरू झालंय, वैनी."

"सुरू झालंय तर चालू दे. दार ऱ्हाऊ दे."

मग ती सुनेकडं वळली. सुनेनं तिच्याआधीच डोणीतला तांब्या उचलला होता.

"धुते, आत्याबाई," चिमणाबाई कोरड्या आवाजात म्हणाली. "आज पाणी हाय."

बायडाबाईनं तिच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि परत डोणीत सोडला. "नगं. तशीच चल."

"तुमच्या दगडाला चिखुल लागंल."

"माझा न्हवं त्यो." बायडाबाईनं सुनेच्या पायांकडं बघितलं. "त्या दिशी मी तुला आडवलं. पोरीचं नाव मी बी घेटलं न्हाई. चिखुल तुझ्या पायाला हुता, माझ्या तोंडाला हुता. तवापास्नं मी आत गेल्याली न्हाई, चिमणे."

चिमणाबाईनं विचारलं, "नऊ वर्षं?"

"नऊ."

"मला वाटलं मी परत आत जाऊ नये म्हणून बाहेर बसतासा." मग ती म्हणाली, "लोकांच्या वहाणा राखून सासूबाई संत झाल्या म्हणून कोल्हापुरापतूर बोलत्यात."

"बोलू देत. तू मला हात दे. एकटीला चढवत न्हाई."

"एका पायरीला हात?"

"लै उंच हाय ती," बायडाबाई म्हणाली.

चिमणाबाईनं हात दिला. चिखलाचा पाय माझ्यावर पडला, आणि त्याच्याशेजारी तो रुंद, काळा पाय, डाव्या करंगळीत जोडवं. पोर दोघींच्या मध्ये. तिघी माझ्यावर थोडा वेळ थांबल्या, कारण आतून तो कंप येत होता आणि आता तो तिघींच्याही तळपायांना लागत होता. मग त्या आत गेल्या. बूट घातलेली चार पोरं दाराजवळच्या बाकावर होती. त्यांनी त्या चिखलाच्या पायांकडं बघितलं, मग खाली वाकून एकेकानं नाड्या सोडल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पाळकांनी विचारलं, "आणखी कुणाचं दुखणं?" आणि चिमणाबाईच्या आधी एक म्हातारा आवाज उठला. "माझ्या नातीचं नाव पूर्णिमा. माझं नाव बायडाबाई. दोघींची नावं घ्या."

उपासना संपल्यावर गणपतराव बादली आणि फडकं घेऊन माझ्याजवळ आले. "वैनी, पाऊल पुसून घेऊ?"

"वाळू दे," बायडाबाई म्हणाली.

ते वाळलं. मग पावसानं धुतलं, चिखल धुवायचं काम तो बादली-फडक्यापेक्षा बरं करतो.

आता माझं एवढंच मागणं, मित्रांनो. उडालेला कोपरा कुणी बसवून दिला तर बरं, दुखत नाही, पण पोरांची बोटं ठेचतात. डोण भरून ठेवत जा. बूट खाली काढा, कारण आत जो आहे त्याच्यासमोर देवदूत पाय झाकतात, तुम्ही निदान उघडे तरी करा. माझ्यावर पाय टेकला की बोलणं थांबवा आणि थोडं उभे राहा. तळव्याला काही लागतंय का बघा. पण तुमच्यामागून कुणी चिखल तुडवत धावत येत असेल, तर कडेला सरका आणि त्याला आधी चढू द्या. मी काळ्या दगडाची आहे. चिखलानं माझं काही बिघडत नाही.